इंग्रजी कुमार साहित्यातील मृत्यू : मरणाऱ्या मुलाचे बोलणे (१६७१–२०१२)

इंग्रजी बाल-कुमार साहित्यात मृत्यू हा विषय अलीकडे आला, असा समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्युरिटन धर्मोपदेशक जेम्स जेनवे यांचे 'ए टोकन फॉर चिल्ड्रन' हे पुस्तक इंग्लंडमध्ये १६७१-७२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात धर्मनिष्ठ मुलांची अल्प आयुष्ये व आनंदाने पत्करलेली मरणे वर्णिलेली आहेत. १७०० मध्ये कॉटन मॅदर यांनी न्यू इंग्लंडमधील मुलांच्या कथांची भर घालून ते बॉस्टन येथे काढले. ही मुले मृत्युशय्येवर पुष्कळ बोलतात. परंतु ते शब्द उपदेशकाचेच वाटतात. मरणाची तयारी एवढाच त्यांच्या जगण्याचा अर्थ उरतो.

लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' (१८६८-६९) मधील सोशिक बेथ या परंपरेतून पुरती सुटलेली नाही. तथापि तेथे मागे राहिलेल्या जोच्या दुःखालाही जागा मिळाली, हे नोंदविणे आवश्यक आहे.

खरे वळण अमेरिकेत १९७० च्या दशकात आले. नॅटली बॅबिट यांच्या 'टक एव्हरलास्टिंग' (१९७५) मधील विनीला अमरत्व देणारे पाणी मिळते. ती ते स्वतः न पिता एका बेडकावर ओतते आणि पुढे संसार करून यथाकाल मृत्यू पावते. येथे मर्त्यता ही शिक्षा नसून जगण्याची अट ठरते. कॅथरीन पॅटरसन यांच्या 'ब्रिज टू टेराबिथिया'ची (१९७७) प्रेरणा मुलाच्या मैत्रिणीचा वीज पडून झालेला मृत्यू ही होती. त्यातील लेस्लीच्या मरणातून कोणताही धडा निघत नाही. जेस प्रथम ते नाकारतो, मग संतापतो. या कादंबरीला १९७८ चे न्यूबेरी पदक मिळाले, आणि १९९० च्या दशकात तीच अमेरिकेतील सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांत गणली गेली. मोठ्यांना मृत्यूपेक्षा अनुत्तरित मृत्यूच अधिक खुपला असावा.

जॉन ग्रीन यांनी तरुणपणी मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवक म्हणून काही काळ काम केले होते. त्यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) मध्ये कर्करोगग्रस्त हेझेल स्वतःच निवेदन करते. आपल्या मरणाने इतर घायाळ होतील म्हणून ती प्रेमापासून दूर राहू पाहते. ऑगस्टस तिला तसे राहू देत नाही. तो जिवंत असतानाच त्याच्यासमोर ती मनातले श्रद्धांजलीपर भाषण करते. प्रत्यक्ष अंत्यविधीत मात्र ती, अंत्यविधी मागे उरलेल्यांसाठी असतो हे ओळखून, मोठ्यांना ऐकावीशी वाटणारी ठरावीक वाक्ये जाणूनबुजून उच्चारते.