कापूस, जखम आणि जळणारा सिनेमा

आजची गोष्ट कापसाची. पण शेतातल्या नाही, प्रयोगशाळेतल्या.

1846 साल. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात कापूस बुडवला, धुतला, वाळवला. दिसायला तोच कापूस, पण ठिणगी लागली की भक्कन संपला! हाच गनकॉटन, बंदुकीच्या दारूचा नवा प्रतिस्पर्धी.

झालं काय? कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. आम्लामुळे त्यांचे नायट्रेट होतात. जवळजवळ तिन्ही बदलले, तर स्फोटक. साधारण दोनच बदलले, तर तोच कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. या चिकट द्रावणाला म्हणतात कलोडियन.

आणि ते पोचलं कुठे, तर थेट जखमेवर. बॉस्टनमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या जॉन पार्कर मेनार्डने ते जखमा बंद करायला वापरलं. इथर उडून गेलं की कातडीवर पातळ, घट्ट पापुद्रा उरायचा. चामखिळीच्या काही औषधांत कलोडियन आजही असतं.

पुढे अमेरिकेत जॉन हायटने त्याच नायट्रेटमध्ये कापूर मिसळला आणि 1870 मध्ये सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं. हस्तिदंताऐवजी कंगवे, बटणं आणि मग सिनेमाची फिल्म. 1913 चा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा अशाच नायट्रेट फिल्मवरचा.

इथेच खरी मेख आहे. नायट्रेटमध्ये जळायला लागणारा ऑक्सिजन आतच असतो, म्हणून ही फिल्म पेटली की पाण्याखालीही विझत नाही. 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ तर आज पूर्ण बघायलाच मिळत नाही.

उपाय काय निघाला? तीच साखळी, फक्त नायट्रेटच्या जागी अ‍ॅसिटेट. ही फिल्म सहजासहजी भडकत नाही, म्हणून तिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणायचे. पुढे याच सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पोकळ धाग्यांतून डायलिसिसच्या रुग्णांचं रक्तही गाळलं गेलं.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कापूस तोच होता. त्याच्यावर काय चढवलं आणि किती, एवढ्यावरच ठरलं की तो जखम मिटवणार की आठवणी जाळणार.

भेटू पुढच्या भागात!