कर्णा यायच्या आधीचे वक्ते

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. एका अंगाला माणिकगड, दुसऱ्या अंगाला इर्शाळ, मधे पाताळगंगेच्या काठचा कारखान्यांचा पट्टा. बोरघाट उतरून देशावरचे बुवा, शाहीर आणि तमाशाचे फड याच रस्त्याने खाली यायचे आणि मुंबईचे पुढारीही याच रस्त्याने वर जाता जाता चौक गावात, खालापुरात, खोपोलीत सभा ठोकून जायचे. आमच्या घरचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. वडिलांनी सुरू केला, मी चालवला. माईकवाल्याची जागा मांडवाच्या कडेला, अ‍ॅम्प्लिफायरपाशी. तिथून बोलणाऱ्याचं तोंड दिसतं आणि ऐकणाऱ्यांचीही. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना मागची माणसं दिसत नाहीत, मागच्यांना बुवाचा चेहरा दिसत नाही. आम्हाला दोन्ही दिसतं, आणि बटणाला हात लावून बसायचं असल्यामुळे डुलकीही काढता येत नाही.

इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय. समोरच्या माणसाला काहीतरी करायला लावलं की तो बांधला जातो. नुसतं ऐकवत राहिलं की तो आधी ऐकतो, मग तंबाखू मळतो, मग घरी जातो. आमच्याकडच्या जुन्या कलावंतांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे कर्णा नव्हता.

कर्ण्याचं वय फार नाही. १९१५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेवर आवाज मोठा करून तो भोंग्यातून गर्दीला ऐकवला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन दिएगोच्या मैदानावर अशाच यंत्रातून हजारोंच्या सभेशी बोलले. आमच्या खेड्यांत हे यंत्र यायला पुढे बरीच वर्षं गेली. वडील सांगायचे, सुरुवातीला गावात वीज नव्हती तेव्हा मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून न्यायची, कर्णा आंब्याच्या फांदीला बांधायचा आणि बॅटरी उतरायच्या आत बुवांनी आख्यान संपवावं म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करायचा.

त्याच्याही आधी हजार माणसांना कसं ऐकू जायचं? याचं उत्तर वारकरी कीर्तनाच्या उभ्या मांडणीतच आहे. पुढे कीर्तनकार, शेजारी वीणेकरी, बाजूला पखवाज, मागे टाळकऱ्यांच्या रांगा. बुवा अभंगाचं चरण म्हणतात, टाळकरी तेच उचलून वरच्या पट्टीत म्हणतात, आणि मग मांडवातली माणसं धरतात. मागच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला बुवांचा शब्द कळला नसला तरी टाळकऱ्यांचा कळतो. पन्नास गळे हाच त्या काळचा कर्णा होता. पोवाड्याचंही तसंच. शाहीर एक कडवं टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ करत ते झेलतात. शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते आणि लांबच्या माणसाला अंदाज येतो की गोष्ट कुठवर आली. आवाज पोचवण्यासाठी केलेली ही सोय होती, पण तिच्यातून एक मोठी गोष्ट साधली गेली. ऐकणारा त्या खेळातला गडी झाला.

खोपोलीजवळ साजगाव-ताकईला बोंबल्या विठोबा आहे. कार्तिकी एकादशीला तिथे यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. सुक्या मासळीचा एवढा मोठा बाजार विठोबाच्या दारात दुसरीकडे कुठे भरत असेल असं वाटत नाही. आख्यायिका अशी की तुकाराम महाराज मिरचीच्या गोणी घेऊन घाट उतरले ते इथे आले होते. खरं-खोटं विठोबाला माहीत, पण यात्रेत माळकरी आणि मासळीवाले एकाच वाटेवर चालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या लहानपणी एकीकडे देवळात भजन आणि दुसरीकडे तंबूत तमाशा असायचा. वडील दोन्हीकडे माईक लावायचे, त्यामुळे मलाही दोन्हीकडे बसायला मिळायचं.

तमाशातला सोंगाड्या हा मी पाहिलेला सगळ्यांत हुशार बोलणारा. तंबूत बाकीची मंडळी तोंडाला रंग लावत असायची तेव्हा हा आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. वडिलांकडून विडी मागून घ्यायचा आणि इकडचं तिकडचं विचारायचा. पाटील कोण, सावकार कोण, नदीवर पूल झाला का, यंदा कुणाचा बैल पळाला, कंपनीत कुणाची पोरं लागली. वडील सांगत जायचे, तो ऐकत जायचा, मधेच हसायचा. मग गण झाला, गवळण सुरू झाली, मावशीची वाट अडवली, आणि पेंद्या झालेला हा गडी मथुरेच्या बाजाराला निघायच्या ऐवजी चौकच्या बाजाराला निघायचा. वाटेत त्याला आमचाच पाटील भेटायचा, आमचाच बैल उधळायचा. तंबूतला माणूस उठून ओरडायचा, ‘अरे, तो बैल माझा!’ सोंगाड्या तिथल्या तिथे त्याच्याशी दोन वाक्यं बोलायचा. ती वाक्यं वगाच्या वहीत नसायची. त्यानंतर पहाटेपर्यंत तंबूतलं कुणी हलत नसे, कारण आता आपलं नाव कधी येतंय याकडे प्रत्येकाचे कान लागलेले असत.

कीर्तन आणि तमाशा हे दोन वेगळे मुलूख आहेत असं आपण धरून चालतो. इतिहास तसं म्हणत नाही. सोलापूरचा राम जोशी लावणीचा बादशहा, पण तो कीर्तनही करायचा. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशात गाजला आणि पुढे कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई होळकरांनी कान उघडल्यामुळे वळला अशी गोष्ट सांगतात. साईबाबांचं नाव कीर्तनांतून मुंबईत घरोघर नेणारे दासगणू महाराज (१८६८–१९६२) आधी पोलिसात होते आणि त्यांना तमाशाचा, लावण्या रचण्याचा नाद होता. ही माणसं फड सोडून आली तरी फडावरची विद्या बरोबर घेऊन आली. गर्दी कुठे सैल पडते, कुठे विनोद टाकायचा, कुठे आवाज एकदम खाली आणायचा हे त्यांना माहीत होतं. १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनाला शाळा मिळाली. तिथे अभंग, ज्ञानेश्वरी, पाठांतर सगळं पक्कं होतं. मांडवातल्या माणसाची नाडी मात्र ज्याची त्याने मांडवातच शिकायची असते.

सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी चळवळीने जलसे काढले तेव्हा त्यांनीही तमाशाचाच सांगाडा उचलला. ढोलकी, बतावणी, सवाल-जवाब तेच ठेवलं आणि मजकूर बदलला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव जे काम केलं ते छापील पत्रकांनी झालं नसतं, कारण पत्रक वाचता येणारी माणसं गावात किती होती? जलशात भोळा गावकरी भटजीला प्रश्न विचारतो, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत समोरची माणसं उत्तर देऊन मोकळी होतात. उत्तर एकदा आपल्या तोंडून निघालं की ते आपलं होतं.

या विद्येत गाडगेबाबांच्या वर कुणी गेलं नाही. अक्षरओळख नाही, अंगावर चिंध्या, हातात मडकं आणि खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायला लागायचे. लाजेकाजेने गावकरीही झाडू घ्यायचे, म्हणजे रात्रीच्या कीर्तनाला येणारा माणूस दिवसभर बाबांच्या हाताखाली राबलेला असायचा. कीर्तनात बाबा सांगायचे कमी, विचारायचे जास्त. कर्ज काढून तीर्थाला जावं का? देवाला बकरं कापावं का? शिवाशीव पाळावी का? हजारो माणसं एका सुरात नाही म्हणायची. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे, म्हणून आपलं नशीब. माझ्या धंद्याच्या कानाने मी ते ऐकलं. त्यात बाबांच्या आवाजाइतकाच लोकांचा आवाज आहे. बाबा प्रश्न टाकून थांबतात, आणि तो थांबा किती ठेवायचा हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. तेवढ्या वेळात उत्तर येतं. थोडं आधी तोडलं असतं तर लोक गप्प राहिले असते, थोडं लांबवलं असतं तर हसले असते.

मग कर्णे सगळीकडे झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर ही लाल बावटा कलापथकाची माणसं मैदानं गाजवत होती. अमर शेखांच्या आवाजाला माईक लागायचा नाही असं ज्यांनी ऐकलं ते सांगतात. आचार्य अत्र्यांच्या शिवाजी पार्कवरच्या सभांना मात्र कर्णे होते, आणि अत्र्यांना ते कसे वापरायचे हे कळलं होतं. विनोद झाला की ते थांबत. हशा पुढून मागे जायचा आणि मागून परत पुढे यायचा, तोवर ते पुढचं वाक्य काढत नसत. दहा हजार वर्षांत असं झालं नाही, ही त्यांची अतिशयोक्ती लोक आधीच ओठांवर घेऊन बसलेले असायचे. म्हणजे पुन्हा तेच, सभेला तिच्या वाट्याचं काम दिलेलं.

अत्र्यांचं साधलं ते सगळ्यांना साधलं नाही. माईकने एक मोठी सोय केली आणि त्याच सोयीने घात केला. आवाज पोचवायला आता टाळकऱ्यांची गरज उरली नाही. मागच्या म्हातारीला थेट बुवांचा शब्द ऐकू येऊ लागला, तेव्हा तिने तोंड मिटलं. टाळकरी शोभेला उभे राहू लागले. काही बुवा येतात, माईक ओठांना चिकटवतात, मला खूण करून एको वाढवायला सांगतात आणि दोन तास एकटेच बोलतात. आवाज घुमतो, माणसं बसून असतात, पण मांडवातून एक हुंकार उमटत नाही. जाणता बुवा आला की मला आधी कळतं, कारण तो पहिलं काम माईक हातभर लांब सरकवण्याचं करतो. मग ‘पुंडलिक वरदा’ म्हणून गप्प होतो. ‘हरि विठ्ठल’ हलकं आलं तर पुन्हा म्हणतो. तिसऱ्या खेपेला मांडव दणाणतो तेव्हाच अभंगाला हात घालतो.

आमच्या रायगड जिल्ह्याने याच्या उलटा एक प्रकारही पाहिला. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ मध्ये मुंबईत गोरेगावला श्री बैठक सुरू केली. टाळ नाही, पखवाज नाही, टाळ्या नाहीत, नाट्य नाही. दासबोधाचं निरूपण आणि समोर खाली मान घालून बसलेली माणसं. माझ्या सिद्धांताप्रमाणे हे चालायला नको होतं. पण आमच्या भागात घराघरात बैठकीची माणसं आहेत. नीट पाहिलं तर तिथेही काम दिलेलंच आहे, फक्त ते बैठकीबाहेर करायचं असतं. ठरल्या वारी न चुकता यायचं, दारू सोडायची, झाडं लावायची, रस्ते झाडायचे. गाडगेबाबांनी दिवसा करून घेतलं तेच इथे वेगळ्या वेळेला होतं.

माणसं अशी बांधली गेली की ती उन्हालाही जुमानत नाहीत, आणि इथे जबाबदारी येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर नानासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण देण्याचा सरकारी सोहळा भर उन्हात झाला. लाखो माणसं शिस्तीत बसून राहिली आणि त्यातली १४ उष्माघाताने दगावली. जी माणसं स्वतः होऊन उठणार नाहीत, त्यांच्यासाठी सावली आणि वेळ आयोजकांनीच आधी बघायला हवी. जुने बुवा पावसाचं लक्षण दिसलं की आख्यान आवरतं घेत आणि लेकुरवाळ्यांना आधी प्रसाद देऊन वाटेला लावत. लोकांना बसवता येणं ही अर्धी विद्या आहे. त्यांना वेळेवर उठवणं ही उरलेली अर्धी.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद केले. सणासुदीला सरकार मोजक्या दिवसांची सवलत देतं, एरवी दहाला बटण बंद. धंद्याला फटका बसला, पण मला त्यातून एक नवी गोष्ट बघायला मिळाली. सप्ताहात दहाच्या ठोक्याला मी माईक बंद करतो तेव्हा काही बुवा गडबडतात, उरलेलं घाईने गुंडाळतात. काही मात्र नुसते दोन पावलं पुढे येतात, टाळकऱ्यांकडे मान वळवतात आणि तसंच चालू ठेवतात. मांडव जवळ सरकतो. या दुसऱ्या बुवांना पुढच्या साली पुन्हा बोलावणं जातं, असं मी तरी बघत आलोय.

आता गावागावांत बोलणारी पोरं तयार होतायत. कुणी कीर्तन शिकतंय, कुणी शिवजयंतीला व्याख्यान देतंय, कुणी निवडणुकीला उभं राहतंय. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पहिली दहा मिनिटं माईक न घेता बोलून बघा. आधी गावात फिरा, कुणाचं काय चाललंय ते विचारा, मग उभे राहा. एक प्रश्न टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबायची हिंमत ठेवा. उत्तर आलं तर माझा माईक घ्या, नाही आलं तर तो घेऊनही उपयोग नाही. भाडं मी दोन्ही वेळेला सारखंच घेतो.