विस्मरणाचा हिशेब

पाढे म्हणताना अडखळणारी मुले आणि सांगितलेला जिन्नस विसरून बाजारातून परतणारे गृहस्थ घरोघरी असतात. विसरणे हा मनुष्यस्वभावच, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु विसरण्यालाही काही नियम असेल आणि तो मोजता येईल, असे एका जर्मन पंडितास वाटले. त्यांचे नाव हेर्मान एबिंगहाउस.

बार्मेन येथे १८५० साली ते जन्मले. स्मृतीसारख्या वरच्या पायरीच्या मनोव्यापारांवर प्रयोग करता येत नाहीत, असे वुंटसारख्या आचार्यांचेही मत होते. एबिंगहाउसांनी वाद घातला नाही. ते स्वतःच पाठांतरास बसले. ओळखीच्या शब्दांना अर्थाचा आधार मिळतो, म्हणून त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अवयव जुळविले. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्यांची ही तपश्चर्या चालली. गुरू तेच, शिष्यही तेच!

पाठ केलेले पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांचे माप. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४, दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे मोठी गळती पहिल्या तासातच; पुढे ती मंदावते. १८८५ साली हे सारे एका लहानशा ग्रंथात प्रसिद्ध झाले.

पण विद्यापीठांना ग्रंथांची चळत हवी असते. १८९४ साली बर्लिनचे मुख्य अध्यापकपद कार्ल श्टुंफ यांना मिळाले. एबिंगहाउसांचे प्रकाशित लेखन थोडे, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ते ब्रेस्लाउला गेले आणि १९०९ साली हाले येथे वारले.

कोणाच्या लेखनाचा आधार किती जणांनी घेतला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत १९६४ पासून काढली. पुढे तीच मोजणी विद्वत्तेचे माप होऊन बसली. एबिंगहाउसांना अशा मोजणीचा लाभ झाला नाही. पण त्यांचे काम याहून कठोर कसोटीस उतरले. २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. एका व्यक्तीने ७० तास पाठांतर केले, आणि विस्मरणाची रेषा बहुतांशी तशीच उमटली. एकशेतीस वर्षांनी दुसऱ्याच्या हातून तेच उत्तर यावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

मुलांच्या कामाची एक गोष्ट त्याच ग्रंथात आहे. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून ३८ आवृत्त्यांत साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी एवढे तरी विसरू नये.