द्वारचौकटीची परिभाषा : ‘उंबरा’ व ‘गणेशपट्टी’ यांचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना :
इंदापूर तालुक्यातील कळस या ग्रामनामाचे देवळाच्या शिखरावरील कळसाशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. ‘कळस’ हा शब्द संस्कृत ‘कलश’पासून आला आहे. अशा उदाहरणांवरून मराठी वास्तुपरिभाषा म्हणजे शास्त्रीय परिभाषेचे लोकरूप, असा समज दृढ होतो. द्वारचौकटीच्या दोन आडव्या घटकांची नावे मात्र हा समज तपासून पाहावयास लावतात.

उंबरा :
शिल्पग्रंथांत चौकटीच्या तळाच्या घटकास ‘उदुंबर’ म्हटले आहे. त्यामुळे उंबरा उंबराच्या लाकडाचा करीत, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु उंबराचे लाकूड हलके व उघड्यावर फारसे न टिकणारे असते. शिवाय देवळांतील दगडी उंबऱ्यासही हेच नाव आहे. पाली भाषेत वृक्षाला ‘उदुंबर’, तर उंबरठ्याला ‘उम्मार’ असे दोन वेगळे शब्द आढळतात. गुजरातीतही ‘उंबरो’ आहे. यावरून बोलीतील जुन्या शब्दाला ध्वनिसाम्यामुळे वृक्षाचे संस्कृत नाव मिळाले असावे, असे अनुमान करता येते.

गणेशपट्टी :
चौकटीच्या वरच्या आडव्या घटकास अमरकोशात ‘नासा’, तर शिल्पग्रंथांत ‘उत्तरांग’ म्हटले आहे. त्याच्या मध्यावरील प्रतिमा म्हणजे ‘ललाटबिंब’. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांत या ठिकाणी गणेश किंवा गजलक्ष्मी आढळते. पुढे वाड्यांच्या लाकडी चौकटींवर गणेश कोरण्याचा प्रघात पडला. मराठीने ‘नासा’ व ‘उत्तरांग’ हे दोन्ही शब्द बाजूस ठेवून प्रतिमेवरून संपूर्ण पट्टीलाच नाव दिले. गणेश कोरलेला नसला तरी तिला गणेशपट्टीच म्हणतात.

निष्कर्ष :
एक शब्द बोलीतून शास्त्रात गेलेला दिसतो, तर दुसरा शास्त्राला वगळून घडला आहे. म्हणजेच सुताराची व पाथरवटाची परिभाषा ही स्वतंत्र ऐतिहासिक साधनसामग्री होय. आज जुने वाडे पाडले जातात, चौकटी विकल्या जातात आणि नव्या बांधकामात ‘लिंटेल’ हा एकच शब्द उरतो. याच तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनीच्या जलाशयात बुडाले असले, तरी पाणी ओसरल्यावर ते पुन्हा दिसते. बुडालेला शब्द मात्र असा वर येत नाही. म्हणून वास्तूंच्या नोंदी करताना मोजमापांबरोबर कारागिरांचे शब्दही टिपणे अगत्याचे आहे.