काळी स्क्रीन आणि हाताला बसणारं अवजार

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरचं लेकरू कॉम्प्युटर शिकतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या नागऱ्यातून, आजूबाजूच्या गावांतून दरवर्षी मुलंमुली डिप्लोमा, बीसीए, इंजिनीअरिंगला जातात. सुट्टीत भेटली की मी एक प्रश्न हमखास विचारतो : ती काळी स्क्रीन, टर्मिनल, उघडता का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. "सर सांगतात तेवढं टाइप करतो. बाकी सेटिंगला हात लावायचा नाही." मी पत्रकार आहे, प्रोग्रामर नाही. पण हे "हात लावायचा नाही" ऐकलं की राहवत नाही. कारण त्या काळ्या स्क्रीनचा सगळा इतिहास हात लावणाऱ्यांनीच घडवलाय.

आधी नाव समजून घेऊ. कॉम्प्युटरच्या आत खरं काम करणाऱ्या भागाला म्हणतात कर्नल, म्हणजे दाणा. आपण टाइप केलेला हुकूम ऐकून त्या दाण्यापर्यंत पोचवणारा वरचा थर म्हणजे शेल, टरफल. धानाच्या जिल्ह्यात हे जास्त समजावायची गरज नाही. फरक एवढाच की राइस मिलमध्ये टरफल काढून टाकतात, इथं टरफलाशिवाय दाण्यापर्यंत पोचताच येत नाही.

गोष्ट सुरू होते 1960 च्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटीत. लुई पूझॅं नावाच्या फ्रेंच माणसाला तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला. त्यानं हुकमांची यादी एका फाइलमध्ये लिहायची आणि ती एका दमात चालवायची सोय केली. नाव ठेवलं 'रनकॉम'. 'शेल' हा शब्दही त्याचाच. आज लिनक्सवर ज्या फाइलमध्ये आपल्या आवडीच्या सेटिंग लिहितात तिचं नाव 'डॉट बॅशआरसी'. त्यातलं 'आरसी' हे त्या रनकॉमचंच शेपूट. साठ वर्षं झाली, अजून गळलं नाही.

पुढं बेल लॅब्जमध्ये युनिक्स आलं. केन थॉम्पसनचा 1971 चा शेल अगदी साधा होता. 1979 मध्ये स्टीफन बोर्नचा शेल आला आणि खरा बदल झाला. माणसानं लॉगिन केलं की शेल त्याची स्वतःची एक फाइल वाचणार आणि त्याच्या मर्जीप्रमाणं घर मांडून ठेवणार. हुकूम कुठल्या फोल्डरात शोधायचे, कोणत्या क्रमानं शोधायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय या विद्यार्थ्यानं सी शेल लिहिला. मागचे हुकूम लक्षात ठेवणं आणि लांबलचक हुकमाला छोटं टोपणनाव देणं, म्हणजे 'एलियस', या सोयी त्यातून रूढ झाल्या.

एक गंमत सांगतो. या सेटिंगच्या फाइलींच्या नावापुढं टिंब असतं आणि टिंबवाल्या फाइली यादीत दिसत नाहीत. हे कुणी विचार करून केलेलं नव्हतं. यादी दाखवताना 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' या दोनच नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्यानं सोपा मार्ग घेतला : नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळा. मग लोकांनी त्याच आडोशाला आपल्या सेटिंग ठेवायला सुरुवात केली. रॉब पाइक या बेल लॅब्जच्याच माणसानं हे सांगून ठेवलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. युनिक्स एटी अँड टी कंपनीच्या मालकीचं होतं. 1980 च्या दशकात त्याच्या लायसन्सचे नियम कडक होत गेले. अवजार हातात, पण उघडून दुरुस्त करायची परवानगी नाही. रिचर्ड स्टॉलमननं 1983 मध्ये जाहीर केलं की आपण असं काही बनवू जे कुणीही उघडावं, बदलावं, वाटावं. त्याच चळवळीसाठी ब्रायन फॉक्सनं 1989 मध्ये 'बॅश' लिहिला. बोर्नचा शेल पुन्हा जन्मला, असा तो नावातला विनोद. नंतर चेट रेमी यांनी तो सांभाळायला घेतला. नोकरी विद्यापीठाची आणि बॅशचं काम स्वयंसेवक म्हणून, तेही तीस वर्षांहून जास्त काळ. जगातले असंख्य सर्व्हर त्या कामावर उभे आहेत.

म्हणजे बघा, आपल्या पोरानं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर त्याला जो शेल मिळतो तोच बड्या कंपनीच्या इंजिनीअरलाही मिळतो. रुपयाही लागत नाही. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या बरोबरीनं मिळणाऱ्या वस्तू किती? ही त्यातली एक आहे.

विदर्भाचंही यात नाव आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' भारतभरच्या विद्यार्थ्यांनी वाचलं. त्यांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' हेही पुस्तक आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक उभं राहिलं आणि 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक आला. त्याच सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकारानं 'जिस्ट'चं काम झालं. त्याचं मूळ आयआयटी कानपूरचं. साध्या पीसीत एक कार्ड बसवायचं आणि स्क्रीनवर देवनागरी उमटायची. विंडोज घरोघरी पोचण्याआधीची ही गोष्ट आहे. अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचं भारतीय मानक ठरलं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्या कामावरूनच घेतली गेली. ते क्रमांक साठवायची यूटीएफ-8 ही पद्धत 1992 मध्ये आखली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी. होय, पहिला युनिक्स शेल लिहिणारा तोच थॉम्पसन.

याचा फायदा काय? आज बॅशमध्ये तुम्ही 'यादी' हे टोपणनाव देऊ शकता आणि 'यादी' टाइप केलं की फाइलींची यादी येते. माझ्या लॅपटॉपवर 'फोटोजमा' असा हुकूम आहे. दिवसभराचे बातमीचे फोटो तारखेच्या फोल्डरात टाकतो आणि पेन ड्राइव्हवर प्रत काढतो. एका ओळीचं काम, पण रोजचा वेळ वाचतो. अडचणीही आहेत. बॅशमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालत नाही. आणि टर्मिनलची स्क्रीन असते चौकटीच्या वहीसारखी, प्रत्येक अक्षराला ठरावीक घर. इंग्रजी त्यात बरोबर बसते. आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरं त्या घरांत मावत नाहीत. अक्षरं तुटतात, कर्सर भलतीकडंच उभा राहतो. जिस्टला इतकी वर्षं लोटली तरी हे काम अर्धवट आहे. ते अमेरिकेतलं कुणी येऊन करणार नाही. ज्याला 'क्ष' आणि 'ज्ञ' तुटलेले बघून त्रास होतो, तोच करणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. केरळनं आपल्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेलं आणि वर्षानुवर्षं टिकवलं. आपल्याला एवढं मोठं जमेल तेव्हा जमेल. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये निदान एक मशीन असं ठेवा, जिथं मुलांना सेटिंग बदलायची मुभा आहे. बिघडली तर बिघडू द्या, जुनी फाइल परत टाकली की सुरू.

आणि पोट्ट्यांनो, तुम्हाला तीन गोष्टी. बदल करण्याआधी फाइलची प्रत काढा. इंटरनेटवरून उचललेली ओळ समजल्याशिवाय चिकटवू नका, कारण शेल तुमच्या नावानं काहीही पुसू शकतो. आणि रोज जो हुकूम दहादा टाइप करता, त्याला आज रात्री एक छोटं नाव द्या. जमलं तर मराठीत द्या.

शेतकरी विळ्याची मूठ आपल्या हाताप्रमाणं तासून घेतो. त्यासाठी तो कुणाची परवानगी मागत नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्यानं तरी का मागावी?

लॅबमध्ये तुम्हाला काय करू देतात, काय नाही, ते कमेंटमध्ये लिहा. मुख्याध्यापक, प्राचार्य ओळखीचे असतील तर त्यांना ही पोस्ट पाठवा.