लॅटिन कशाला, संस्कृत का नको?

गेल्या वर्षी पाच महिने ऑनसाईटला होतो. इंग्लंडमध्ये, स्विंडनला. गाव तसं कंटाळवाणं, शनिवार-रविवार करायचं काय हा मोठा प्रश्न. पण आजचा विषय तो नाही.

टीममध्ये माझ्याच वयाचा एक गोरा होता. त्याचा लेंट चालू होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. पठ्ठ्यानं चॉकलेट सोडलं होतं. जेवताना माझ्या डब्याकडे बघून म्हणाला, तू मांस खात नाहीस ते धर्मामुळे का? मी म्हटलं, छे, खातो की, फक्त घरी खात नाही. घरी का नाही? आईला चालत नाही. मग तुझा स्वतःचा विश्वास कशावर आहे? आता आली का पंचाईत! घरी गणपती बसतो तेव्हा अथर्वशीर्ष मीच म्हणतो, खणखणीत आवाजात. देव आहे का असं विचारलंत तर मात्र मान धड उभी हलत नाही, धड आडवी हलत नाही. 'इट्स कॉम्प्लिकेटेड' असं काहीतरी पुटपुटून मी दह्याचा डबा उघडला.

त्याच शनिवारी रूममेटच्या गाडीतून वाँटेजला गेलो. स्विंडनहून फार लांब नाही. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, १८७७ साली बसवलेला. म्हणजे १८८३ मध्ये पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन या गावी आल्या तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. पाटीवर गावाचं नाव वाचलं तेव्हाच डोक्यात घंटी वाजली होती, कारण रमाबाईंचा पत्रव्यवहार मी पूर्वी वाचला होता. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो १९७७ साली छापला, अ. भि. शहांनी संपादन केलं. पत्रं इंग्रजीत आहेत. मी ती उघडली होती निव्वळ टाईमपास म्हणून, आणि नंतर ठेववेना.

रमाबाईंबद्दल आपल्याला शाळेत काय सांगतात? विद्वान बाई, विधवांसाठी शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या. संपलं. 'ख्रिस्ती झाल्या' हे वाक्य आपल्याकडे असं म्हणतात जणू कोणीतरी एका कंपनीतून राजीनामा देऊन दुसरीत गेलं. खरी गोष्ट त्या वाक्याच्या आधी आहे, आणि त्याहून जास्त नंतर.

आधीची थोडक्यात सांगतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी वादात सापडलेला माणूस. जन्म १८५८, गंगामूळच्या जंगलात. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि आई, वडील, बहीण सगळे गेले. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर पायी फिरले, हजारो मैल. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत आधीच संपलं होतं.

त्या भटकंतीतला एक किस्सा त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात येतो. एका तीर्थक्षेत्री तळ्यात सात तरंगते डोंगर होते. भक्त पुण्यवान असला तर डोंगर त्याच्याकडे येतात, अशी ख्याती. पाण्यात उतरू नका, मगरी आहेत, असं पुजारी बजावायचे. भावानं पहाटे कोणी नसताना सरळ पाण्यात उडी मारली आणि पोहत जाऊन बघितलं. तराफ्यांवर दगडमाती रचून वर झाडं लावलेली! मागून ढकलायला माणूस ठेवला की डोंगर चालला भक्ताकडे. आमच्या भाषेत याला प्रॉडक्शनवर जाऊन डीबग करणं म्हणतात. :)

पण मला वाटतं रमाबाईंना तोडलं ते तराफ्यांनी नव्हे. लबाड पुजारी सगळीकडेच असतात, तेवढ्यानं कोणी धर्म सोडत नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याला पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ठरवलं. तिथेच केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत ठेवली. बाईनं वेद वाचायचा? त्या आधी बिचकल्या, मग वाचू लागल्या. धर्मशास्त्रही वाचलं. त्यांच्या ध्यानात आलं ते असं: हे ग्रंथ एकमेकांशी कशातच जुळत नाहीत, पण स्त्री वाईट आणि तिला मोक्ष नाही, शूद्रालाही नाही, यावर मात्र बहुतेकांचं एकमत! अठरा हजार श्लोकांचं भागवत तोंडपाठ असलेल्या बाईला हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना करून बघा. आपण ज्या घरात वाढलो त्या घराच्या सातबाऱ्यावर आपलं नावच नाही.

पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी १८८० मध्ये नोंदणी विवाह झाला, १८८२ मध्ये पटकीनं तेही गेले. मग पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून विलायतेच्या तिकिटाचे पैसे उभे केले. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते राहिलं.

वाँटेजला सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. आता आपल्यावर धर्मांतराची सक्ती होणार या धास्तीनं आनंदीबाईंचं मन बिघडलं आणि त्यांनी विष घेऊन जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मला हा क्रम आजही नीट पचत नाही. मैत्रीण ज्या भीतीनं मेली, तीच गोष्ट ही बाई स्वतःहून करते. का?

त्यांनी स्वतः दिलेली कारणं दोन आहेत. एक डोक्याचं: नीलकंठशास्त्री गोरे (तेही चित्पावन, ते फादर नेहेम्या झाले होते) यांच्या लिखाणानं त्यांचा ब्राह्म मतावरचा भरवसा उडाला. दुसरं लंडनमधल्या फुलहॅमचं. तिथे जोगिणी वाट चुकलेल्या बायकांची सेवा करायच्या, त्यांना माणसात आणायच्या. अशा बायकांना आपल्याकडे कोणी जवळ केलेलं रमाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. असं का करता, म्हणून विचारलं तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. माझ्या मते हे दुसरं कारणच खरं. मोक्षाच्या यादीत जिचं नाव नाही तिला कोण जवळ करतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो पुस्तकात सुटत नव्हता.

आणि आता खरी मजा. इंग्रजांना वाटलं, बाई झाली आपली. पण बाई कुणाचीच व्हायला तयार नाही! सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता, रमाबाई त्यांना लाडानं 'आजीबाई' म्हणायच्या. याच आजीबाईंशी दोन वर्षं पत्रांतून जे भांडण जुंपलंय ते वाचाच. येशू देव आहे का? त्रैक्य म्हणजे नक्की काय? बायबलात दाखवा, मग मानते. अमुक गोष्ट बिशप सांगतात म्हणून खरी मानायला त्यांची तयारी नव्हती. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना तरुण पुरुषांना शिकवायचा प्रस्ताव आला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही. रमाबाई भडकल्या. इकडे त्यांनी शास्त्र्यांच्या भरसभेत व्याख्यानं दिली होती, आणि तिकडच्या सुधारलेल्या लोकांना वर्गाची भीती!

गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत असं जोगिणींचं म्हणणं. रमाबाईंनी विचारलं, लॅटिन कशाला? मला ती येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही. संस्कृत का नको? लॅटिन काय जास्त पवित्र आहे? जेवणावरूनही तेच. त्या मांस आणि अंडी खायच्या नाहीत, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नाही. आजीबाईंना वाटायचं, हा जातीचा जुना ताठा आहे, खरी ख्रिस्ती झालीस तर सोड. रमाबाईंचं म्हणणं, माझं ताट आणि माझा देव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(हे वाचताना मला माझा दह्याचा डबा आठवला. फरक इतकाच की त्यांना आपण काय सोडलं, काय ठेवलं आणि का, हे एकेक सांगता येत होतं.)

तिकडे ही भांडणं, आणि पुण्यात 'बाटली' म्हणून शिव्या. त्यांची बाजू घेणारे थोडे, त्यात जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली. जोतीराव काही ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांचा 'निर्मिक' वेगळाच. पण स्वतःचा धर्म स्वतः तपासून घ्यायचा हक्क बाईला आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. उलट टोकाला आनंदीबाई जोशी, रमाबाईंच्या लांबच्या नात्यातल्या. १८८३ मध्येच त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा श्रीरामपूरच्या भाषणात सांगून गेल्या की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तशाच परत आल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. या दोघी तेव्हा एकमेकींशी काय बोलल्या असतील, हे ऐकायला मी काहीही देईन.

१८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या मुलींपैकी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी. धर्म शिकवायचा नाही हे ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, आणि मुली येऊन बसायच्या. 'केसरी'नं रान उठवलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे मी कोणाच्या बाजूनं? खरं सांगायचं तर पालकांची भीती मला समजते. ज्या बाईवर मुलींचा इतका जीव, तिचं उघडं दार हे निमंत्रणच असतं. पण आपल्याच घरात आपण दार लावून प्रार्थना करायची, हे तरी त्यांनी का मान्य करावं? दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि माझं काही ठरत नाही.

पुढच्या रमाबाई मला थोड्या परक्या वाटतात. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची जी लाट आली, त्यात शेकडो मुली मोठमोठ्यानं रडत प्रार्थना करत होत्या. पुरावा दाखवा म्हणणारी बाई ती हीच का, असं वाटतं. त्या स्वतः म्हणतात की वाँटेजला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो आणखी आठेक वर्षांनी. हे 'भेटणं' काय असतं ते मला माहीत नाही, त्यामुळे गप्प बसतो.

तरी जुनी खोड गेली नव्हती. बायबलचं मराठी भाषांतर अडाणी बाईला कळत नाही म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः नवं केलं, आणि केडगावच्याच छापखान्यात बायकांनी ते छापायला घेतलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. पुस्तक १९२४ मध्ये निघालं.

आणि ती सगळी पत्रं, ज्यात बिशपांची, मठाची आणि स्वतः आजीबाईंची पार हजेरी घेतलेली आहे, ती जपून ठेवून, जुळवून लावून ठेवली कोणी? सिस्टर जेराल्डिन यांनीच.