तापलेल्या झिओलाइटमधील प्रोटॉनची भटकंती

धान भरडल्यावर तांदूळ पोत्यात जातो आणि तूस मागे उरते. गोंदिया जिल्ह्यातील राइस मिलच्या आवारांत या तुसाचे ढीग नेहमीच दिसतात. शंभर किलो धानातून साधारण वीस किलो तूस निघते. ते जाळले असता चार किलोंच्या आसपास राख राहते आणि या राखेत बहुधा 85 ते 95 टक्के सिलिका असते. तूस बेताच्या आचेवर, म्हणजे सुमारे 700 अंश सेल्सिअसच्या आत जाळल्यास ही सिलिका अस्फटिक राहते व कॉस्टिक सोड्यात सहज विरघळते. त्यात सोडियम अॅल्युमिनेट मिसळून बंद पात्रात तापवल्यास योग्य प्रमाणांत झिओलाइटचे स्फटिक तयार होतात. अशा निर्मितीचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत यशस्वी झाले आहेत.

निसर्गातील झिओलाइटसाठी महाराष्ट्र जगप्रसिद्ध आहे. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात. गोंदियाला मात्र हा वारसा नाही. येथील आमगावच्या नावाने ओळखला जाणारा नाइस खडक दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी प्राचीन आहे. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी 1756 मध्ये या खनिजांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले, कारण तापवताच त्यांतून पाण्याची वाफ निघे.

झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचा असतो. सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम आला की जाळीवर एक ऋणभार शिल्लक राहतो व तो प्रथम सोडियम आयनामुळे संतुलित होतो. सोडियमच्या जागी अमोनियम आणून पदार्थ 450 ते 500 अंशांपर्यंत तापवला की अमोनिया उडून जातो आणि प्रोटॉन तेवढा मागे राहतो. सिलिकॉन व अॅल्युमिनियम यांच्यामधील ऑक्सिजनला चिकटलेला हा प्रोटॉन म्हणजेच उत्प्रेरकाची आम्लता.

पण तो चिकटून स्वस्थ बसत नाही. अॅल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन असतात आणि दाव्याला बांधलेले वासरू खुंट्याभोवती फिरावे तसा प्रोटॉन या चार जागांमध्ये उड्या मारतो. प्रत्येक उडीला ऊर्जेचा एक अडसर पार करावा लागतो. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांत हा अडसर बरेचदा 45 ते 60 किलोज्यूल प्रतिमोल आढळला, तर संगणकीय आकडेमोडीत तो 50 पासून 100 च्या वरही जातो. ही तफावत क्षुल्लक नव्हे. नमुन्यात पाण्याचा अंश जरी उरला तरी अडसर एकदम खाली येतो, कारण पाण्याचा रेणू एका ऑक्सिजनकडून प्रोटॉन घेतो आणि आपल्याजवळचा दुसरा प्रोटॉन शेजारच्या ऑक्सिजनला देतो. म्हणूनच पूर्ण कोरडा नमुना तयार करणे हेच या संशोधनातील खरे कष्टाचे काम.

अडसर 60 किलोज्यूल धरून ढोबळ हिशेब करता येतो. 27 अंशांवर प्रोटॉन सेकंदाला काही शेकडा उड्या मारील. 500 अंशांवर हीच संख्या सुमारे 90 कोटींवर जाईल. म्हणजे तापमान वाढताच वेग वीस लाख पटींहून अधिक वाढतो. अवरक्त वर्णपटातही याची खूण दिसते. तापमान चढवीत गेले की प्रोटॉन व ऑक्सिजन यांच्या बंधाचा, 3600 च्या आसपास तरंगसंख्या असलेला पट्टा क्षीण होऊ लागतो आणि नमुना थंड करताच पुन्हा उठून दिसतो. प्रोटॉन नष्ट झालेला नसतो. तो एका ऑक्सिजनचा असा उरलेला नसतो, असा याचा एक अर्थ लावला जातो. मात्र एका अॅल्युमिनियमचे आवार सोडून दूरच्या दुसऱ्यापर्यंत केवळ सिलिकाच्या जाळीवरून जाणे त्याला फारच महाग पडते.

या चपळतेचा उद्योगाशी थेट संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ‘एन्सिलाइट’ मालिकेतील झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. झायलीनच्या एका समघटकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी ते बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये वापरले गेले. (ही कंपनी 2007 मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली.) या क्रियेत प्रोटॉन झायलीनच्या कड्याला जोडला जातो, मिथिल गट शेजारच्या जागी सरकतो आणि प्रोटॉन जाळीकडे परततो. तो पूर्वीच्याच ऑक्सिजनवर परतला पाहिजे असे बंधन नसते.

उष्णतेला मर्यादाही आहे. साधारण 550 अंशांच्या पुढे दोन प्रोटॉन जाळीतील एका ऑक्सिजनला सोबत घेऊन पाण्याच्या रूपाने निघून जाऊ लागतात. वाफ असल्यास अॅल्युमिनियमच जाळीतून निखळतो. माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत खनिज तेलाच्या भंजनासाठी असलेल्या संयंत्रांत उत्प्रेरकावरील काजळी जाळताना तापमान 700 अंशांच्या घरात जाते व वाफही असतेच. त्यामुळे अशा भंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या वाय झिओलाइटमध्ये लँथॅनमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे आयन घालून जाळी टिकवून धरली जाते.